बिननावाच्या पार्सलातल्या एकवीस करंज्या

जबाब
दि. २६/११/२००७, सायं. ५ वा. १० मि.

मी सुगंधा दशरथ पाष्टे, वय ५३ वर्षे, काम बचत गटातर्फे महापालिकेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणे, राहणार खोली नं. ३०४, गिरिजा छाया सोसायटी, गोडदेव, भाईंदर पूर्व, मूळ गाव तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, आज घरी आलेल्या पार्सलाबाबत मला जे विचारलं त्याचं उत्तर म्हणून सांगते की,

वरील पत्त्यावर मी १९८८ पासून राहते. घरात आम्ही चौघं आहोत. माझे पती दशरथ स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात. मुलगा अमोल, वय २५, याचं मीरा रोडला पूनम सागरमध्ये मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. चौथी माझी सून संजना, वय २२. संजनाला पाचवा महिना चालू आहे. इतर बायकांच्या उलट्या तिसऱ्या महिन्यात थांबतात, हिच्या थांबल्या नाहीत. गेले तीन आठवडे तिच्या पोटात भाताचं शीत ठरत नाही. वजन चार किलोनी उतरलंय. बुधवारपर्यंत असंच राहिलं तर ॲडमिट करून सलाईन लावू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. हे पार्सलाशी संबंधित नाही असं लिहिणारे हवालदार म्हणाले. मी म्हटलं, संबंधित आहे, लिहा.

आज सोमवार. शाळेतली भांडी घासून मी साडेबारा वाजता घरी आले. बारा वाजून पन्नास मिनिटांनी पोस्टमन पार्सल घेऊन आले. ते नेहमीचेच आहेत. पार्सल उशीच्या जुन्या पांढऱ्या अभ्र्यात शिवलेलं होतं, जाड दोऱ्यानं, टाके जवळजवळ. वर माझ्या पतींचं नाव आणि आमचा पत्ता निळ्या पेनानं लिहिलेला, अक्षर शाळेतल्या पोराचं असावं तसं गोल. पाठवणाऱ्याची जागा कोरी होती. पुसलेली नाही, पाण्यानं गेलेली नाही, तिथे मुळात काही लिहिलंच नव्हतं. शिक्क्यातलं ‘रत्नागिरी’ एवढं लागलं आणि तारीख १३. म्हणजे पार्सल तेरा दिवस रस्त्यात होतं.

स्टेशनवर पाटी लावलीय की अनोळखी वस्तूला हात लावू नये. ती मी वाचलेली आहे. तरी मी पार्सल उघडलं, कारण मला राहवलं नाही. नाव न लिहिता खायचं कोण पाठवतं हे मला बघायचं होतं. खायचंच आहे हे बाहेरूनच कळत होतं, तुपाचा वास अभ्र्यातून येत होता. आतल्या खोलीत पडलेली संजना त्या वासानं उठून बाहेर आली. हल्ली वासानं ती आत पळते, बाहेर येत नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आई, काय आहे त्यात? मला द्या ना थोडं.”

आत स्टीलचा डबा होता. झाकणाच्या कडेनं कणीक थापून तोंड बंद केलेलं, ती वाळून दगड झालेली. ती मी सुरीनं खरवडून काढली. कणकेला कुठे तडा नव्हता, मुंगी नव्हती, म्हणजे डबा वाटेत कोणी उघडलेला नाही. आत वर्तमानपत्रावर करंज्या होत्या. मी मोजल्या, एकवीस भरल्या. एका कोपऱ्यात आमसुलांची पुडी. आणि सगळ्यांच्या वर एका चिंधीत कोळशाचा खडा, एक सुकी लाल मिरची आणि एक लोखंडी खिळा.

याबद्दल हवालदारांनी खुलासा विचारला, तो असा. आमच्याकडे तळलेलं किंवा मटणमासे घराबाहेर न्यायचे असले, तर त्यात कोळसा ठेवतात. वाटेत कुणाची नजर लागू नये, काही मागे लागू नये म्हणून. मिरची आणि लोखंडही त्याचसाठी. गरोदर बाईसाठी पाठवायचं असेल तर तिन्ही ठेवतात. यात विष नाही, करणीही नाही. करणी करणारी बाई डब्याला कणीक लावत बसत नाही. लिहिणारे हवालदार महाडचे आहेत. त्यांची आईसुद्धा ठेवते असं ते म्हणाले, पण ते जबाबात येत नाही असंही म्हणाले.

संजनानं करंजी मागितली तेव्हा मी तिला थांबवलं. पाठवलं कुणी ते माहीत नाही, तेरा दिवस झालेले, आणि पोटात मूल. शाळेत आम्हाला नियम आहे. मुलांना वाढण्याआधी शिजवणारीनं स्वतः खायचं आणि अर्धा तास थांबायचं. शिवाय थोडा नमुना बरणीत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. मी चार वर्षं हे करतेय. घरी तोच नियम लावायचा, फक्त अर्ध्याच्या जागी चार तास थांबायचं असं मी ठरवलं.

आधी मी करंजी उजेडात धरून बघितली. बुरशी नव्हती. नाकाशी नेली, खवट वास नव्हता. मोडली. खरा प्रश्न सारणाचा होता. ओल्या नारळाचं असतं तर तेरा दिवसांत आंबून तार सुटली असती, आणि मी डबा तसाच नेऊन कचऱ्यात उलटा केला असता. सारण सुक्या खोबऱ्याचं निघालं, खमंग भाजलेलं, खसखस आणि वेलची घातलेलं, ओलाव्याचा थेंब नाही. ज्या कुणी केल्या तिनं पोस्टाचा विचार करून केल्या होत्या.

मग मी करंजीची कड बघितली. कड कातण्यानं कातलेली नव्हती, हातानं मुरड घातलेली होती. उजव्या हातानं घातलेल्या मुरडीचे पीळ एका अंगाला कलतात. हे पीळ दुसऱ्या अंगाला कलत होते. मी एकवीसच्या एकवीस तपासल्या, सगळ्या तशाच. करणारी डावखुरी होती. पाष्ट्यांच्या घरात डावखुरी एकच आहे, माझी थोरली जाऊ शालू. ती गावी असते. तिच्याशी मी बारा वर्षं बोललेले नाही.

तरीही मी करंजी खाल्ली. नियमाला एक पुरते. मी तीन खाल्ल्या, तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. उरलेल्यांतली एक बरणीत नमुना म्हणून ठेवली आणि डब्यात सतरा राहिल्या. मग घड्याळासमोर सोफ्यावर बसले. संजना बाजूला बसून माझं तोंड निरखत होती. दर दहा मिनिटांनी विचारायची, “काही होतंय का?” मी नाही म्हटलं की डब्याकडे बघायची.

अडीचच्या सुमारास अमोल जेवायला घरी आला. तो लहानपणापासून भाईंदरला वाढलेला आहे. कोळसा कशासाठी ठेवतात हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. गावाचा विषयच मी घरात काढत नसे, तो माझा दोष. त्यानं कोळसा, मिरची आणि खिळा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. मी समजावलं, पण मी तीन करंज्या खाल्ल्याचं ऐकून तो जास्तच घाबरला. समोरच्या हंसाबेन बाहेर आल्या, त्या म्हणाल्या, “सुगंधाबेन, ये किसीने करके भेजा है. हात मत लगाव, सीधा खाडी में डाल दो.” अमोल खाली जाऊन सोसायटीचे सेक्रेटरी भूपेश पाटील यांना घेऊन आला.

भूपेश गोडदेवातलेच जुने राहणारे. माणूस वाईट नाही, फक्त सेक्रेटरी झाल्यापासून त्याला झोप नाही. त्याचं कोळशाबद्दल काही म्हणणं नव्हतं, तो खिळ्यावर अडला. “काकी, खायाच्या डब्यात खिला कोन घालतं? बॉम्बात खिलं भरतान, टीव्हीवर बगला न्हाय का? मी सेक्रेटरी हाय, उद्या काय झाला तं मनाच इचारतील.” मी त्याला म्हटलं, बॉम्ब तळून त्यावर वेलची कोण घालेल? तो म्हणाला, त्याची जबाबदारी तुम्ही लिहून देता काय. मी देते म्हटलं. पण तोवर त्यानं फोन लावला होता.

चारच्या सुमारास दोन पोलीस आले. दाराबाहेर तिन्ही मजल्यांवरची माणसं जमली होती, त्यामुळे मी आणि अमोल दारातच उभे राहून बोलत होतो. पोलिसांनी डबा, अभ्रा आणि चिंधी ताब्यात घेतली आणि मला सोबत यायला सांगितलं. संजनाकडे बघायला मला तेव्हा सुचलं नाही. येताना मी नमुन्याची बरणी पदराखाली घेऊन आले. ती आता टेबलावर आहे.

इथे डबा रिकामा करून माझ्यासमोर करंज्या मोजल्या, त्या सोळा भरल्या. मी म्हटलं, सतरा पाहिजेत. पुन्हा मोजल्या, सोळाच. सोबत आलेल्या भूपेशवर माझी नजर गेली, ते मी कबूल करते. त्यानं डब्याला हात लावला नसल्याचं सांगितलं. आकडा जुळत नसल्याचं हवालदारांनी नमूद केलं.

त्याच वेळी डबा पालथा केला असता बुडावर नाव कोरलेलं दिसलं. हवालदारांनी ते मोठ्यानं वाचलं, ‘सौ. सुगंधा द. पाष्टे यांजकडून सप्रेम, १९९४’. ते मला म्हणाले, “बाई, डबा तुमचाच आहे. तुम्हीच तुम्हाला पार्सल पाठवलंत का?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यावर मी खुलासा करते की, हा डबा माझ्या पतींनी कारखान्यातून आणून स्वतः पॉलिश केलेला आहे. शालूच्या मोठ्या मुलीच्या लग्नात मी तो शालूला आहेर म्हणून दिला होता. आमचं भांडण त्यानंतरच्या वर्षी झालं. माझी समजूत होती की तिनं हा डबा केव्हाच विहिरीत टाकला असेल. मी असते तर टाकला असता. डबा घासूनघासून वापरलेला आहे, झाकण अजून घट्ट बसतं. पाठवणाऱ्याची जागा कोरी का होती हे मला डबा बघून समजलं. वर तिचं नाव असतं तर मी पार्सल न उघडता परत केलं असतं, हे तिला माहीत होतं.

या शालूशी माझं काय वैर आहे, असं विचारल्यावरून सांगते की, १९९५ च्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. अमोल तेरा वर्षांचा होता. दुपारी शालूच्या हातचे घावणे आणि फणसाची भाजी तो जेवला आणि तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या, थांबेचनात. मी घाबरले. अंगणात माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मी शालूला म्हटलं, “तू माझ्या पोराला काहीतरी घातलंस. तुला मुलगा नाही म्हणून घातलंस.” ती आत गेली, त्याच भांड्यातली उरलेली भाजी घेऊन आली, सगळ्यांसमोर ओट्यावर बसून खाल्ली आणि तिथेच बसून राहिली, दिवे लागेपर्यंत. तिला काही झालं नाही. तिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही असं मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसताना सगळ्यांना सांगितलं.

आज दुपारी तीन करंज्या खाऊन घड्याळाकडे बघत बसले, तेव्हा मला ती ओट्यावर बसलेली आठवली. चार वर्षं मी शाळेत रोज आधी खाऊन थांबते, पण ही आठवण एकदाही झाली नव्हती. माझी मला लाज वाटली.

एवढं पुरे, असं हवालदार म्हणाले. मी म्हटलं, पुरे नाही, पुढचं लिहा. १९९८ मध्ये अमोलनं मला आपणहून सांगितलं की त्या दिवशी जेवणाआधी त्यानं आणि गावच्या पोरांनी कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या बिया फोडून खाल्ल्या होत्या. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून. मार बसेल म्हणून तो तीन वर्षं बोलला नव्हता. तो पोर होता. मी पोर नव्हते. मला कळल्यावर मी शालूला एक पत्र टाकायला हवं होतं. मी टाकलं नाही, घरात कुणाला सांगितलंही नाही. नऊ वर्षं मला खरं माहीत होतं आणि मी तिच्यावर रुसलेलीच राहिले, कारण रुसवा सोडायचा तर आधी माफी मागावी लागली असती.

हे लिहिणं चालू असताना माझे पती कारखान्यातून परभारे इथे आले. संजनाच्या उलट्यांचं गावी कसं कळलं, असं मी त्यांना ठाण्याच्या साहेबांसमोरच विचारलं, कारण आमसुलं मळमळीवर देतात, ती उगाच कुणी पाठवत नाही. ते म्हणाले, “दर महिन्याला मी पीसीओवरून वहिनीला फोन करतो. तुला सांगितलं असतं तर तू जेवण सोडलं असतंस.” बारा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवतो आणि मला पत्ता नाही. शालू दर वेळी काय बोलते, असं मी विचारलं. ते म्हणाले, “पहिलं विचारते, सुगंधा बरी आहे ना.” संजनाचं ऐकल्यावर तिनं विचारलं होतं की पार्सल किती दिवसांत पोचतं. आयुष्यभर शालूनं ओल्या नारळाच्याच करंज्या केल्या. सुक्या खोबऱ्याच्या करंजीला ती मुंबईवाल्यांची करंजी म्हणून नाक मुरडायची. साठाव्या वर्षी तिनं त्या शिकून केल्या.

सायंकाळी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी माझे चार तास पुरे झाले. भिंतीवरच्या घड्याळात बघून मी तसं हवालदारांना सांगितलं. मला मळमळ, चक्कर, पोटदुखी काही नाही. डबा रासायनिक तपासणीला पाठवावा लागेल, महिनाभर लागेल, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, साहेब, महिनाभरात करंज्या खवट होतील आणि माझी सून बुधवारी सलाईनवर जाईल. तपासणी तुमच्यासमोर खुर्चीवर बसलेली आहे. हवा तर बरणीतला नमुना ठेवून घ्या आणि बाकीचा डबा द्या.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी अमोलचा फोन पतींच्या मोबाईलवर आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. अमोल म्हणाला, “आई, एक सांगायचंय. पोलीस दारात होते ना, तेव्हा संजनानं एक करंजी उचलली. आत जाऊन खाल्ली. आत्ता सांगतेय मला.” जबाबात खोटं सांगू नये असं मला सुरुवातीला बजावलंय, म्हणून सांगते, त्या क्षणी मला १९९५ साली वाटली होती तीच भीती वाटली. मुरड ओळखून, सारण तपासून, तीन स्वतः खाऊनही वाटली. तोंडात शालूचं नाव आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, “उलटली का?” अमोल म्हणाला, “नाही. दीड तास झाला. आमसूल पण मागतेय, आणि डबा कधी आणताय विचारतेय.” मी फोन पतींना दिला. हवालदारांनी पाणी दिलं, ते घेतलं.

सतराव्या करंजीचा हिशेब अशा रीतीनं जुळला आहे. भूपेश पाटील यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

या पार्सलाबाबत तुमचा कुणावर संशय आहे काय, असं मला विचारण्यात आलं. त्यावर सांगते की, शालू दाजी पाष्टे हिच्यावर माझा संशय नाही. आज नाही, आणि १९९५ सालीसुद्धा तिनं काही केलेलं नव्हतं. तेव्हाचं माझं बोलणं खोटं होतं. ते मी चारचौघांत बोलले होते, म्हणून हे पण चारचौघांत, सरकारी कागदावर लिहून देते. १९९५ चा इथे संबंध नाही असं साहेब म्हणाले. मी ते खोडू दिलं नाही.

करंज्या माझ्या जबाबदारीवर परत न्यायला मी तयार आहे, तशी वेगळी सही करते. डबासुद्धा आजच मिळावा. आमच्यात आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, काहीतरी घालूनच पाठवतात. बारा वर्षांनी त्यात काय घालायचं हे मला दुपारपासून सुचत नव्हतं. म्हणून विनंती की, या जबाबाची एक नक्कल मला मिळावी. शालूला वाचता येत नाही. पार्सलावरचं गोल अक्षर तिच्या नातीचं, दिव्याचं असावं, ती वाचून दाखवेल.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. १९९५ चा भाग मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावला, माझ्या पतींनीही तो ऐकला. मी सांगितलं तसंच लिहिलेलं आहे, आणि ते खरं आहे.

(सही) सुगंधा दशरथ पाष्टे